नाही, नव्हे आणि माहीत नाही: डेटाबेसमधल्या नकाराची गोष्ट

ज्यांनी हा भाग लोकलच्या गर्दीत अर्धवट ऐकला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना चिन्हं कानांनी कळत नाहीत, डोळ्यांनीच बघावी लागतात, त्यांच्यासाठीही हा लिखित भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे बघा" कमी केलेत.

आज सुरुवात एका चुकीपासून. माझ्याच.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका शिष्यवृत्ती योजनेचं काम आमच्या टीमकडे होतं. शाळा मुलांची नावं नोंदवणार, मुलं ऑनलाइन फॉर्म भरणार, आणि शेवटच्या तारखेआधी ज्यांचा फॉर्म पूर्ण नाही त्यांना आठवणीचा मेसेज जाणार. मेसेजची यादी काढायचं काम माझ्याकडे आलं. क्वेरीत एका ओळीची अट:

स्थिती <> 'पूर्ण'

म्हणजे ज्याची स्थिती 'पूर्ण' नाही असा प्रत्येक जण. चालवली, यादी आली, मेसेज गेले, मी चहाला गेलो.

तीन दिवसांनी टीममधल्या सीनियरने विचारलं, "अरे, 'पूर्ण' वाले आणि 'पूर्ण नाही' वाले यांची बेरीज एकूण मुलांइतकी का येत नाहीये?"

मी हसलो. येणारच ना! एक तर पूर्ण, नाही तर पूर्ण नाही. तिसरा कप्पा आहेच कुठे? मग स्वतः बेरीज केली. येत नव्हती.

जी मुलं गायब होती त्यांचा स्थितीचा रकाना रिकामा होता. शाळेने नाव नोंदवलं, पण मुलाने एकदाही फॉर्म उघडला नाही, म्हणून तिथे काहीच लिहिलं गेलं नव्हतं. अर्धा फॉर्म भरलेल्यांना मेसेज गेला. ज्यांनी फॉर्म उघडलाच नव्हता, ज्यांना आठवण करून द्यायची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तीच मुलं यादीबाहेर. हातात एक दिवस उरला होता. त्या दिवशी आम्ही मेसेज पाठवले, पण सगळ्यांपर्यंत वेळेत पोचले का, हे मला आजही सांगता येणार नाही.

चूक माझी होती, यात वाद नाही. पण मला एक प्रश्न चिकटून बसला. "पूर्ण नाही" म्हटल्यावर बाकीचे सगळे यायला हवेत, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मग यंत्राला वेगळं शिकवलं कोणी? आणि का? आजचा भाग त्याचाच इतिहास.

आधी चिन्हाची गोष्ट

इंटरव्ह्यूत हमखास विचारतात: एसक्यूएलमध्ये <> आणि != यांत फरक काय? उत्तर सोपं आहे, पण त्यामागची गोष्ट मजेशीर आहे.

1557 साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श डॉक्टरने एक गणिताचं पुस्तक लिहिलं. "याच्या बरोबर आहे" हे शब्द सारखे सारखे लिहायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी दोन समांतर रेघा मारल्या. ते आपलं = चिन्ह. पुढे गणितात त्यावर तिरकी रेघ मारून ≠ झालं. कागदावर काहीच अडचण नाही.

अडचण आली कॉम्प्युटरवर. पन्नास-साठच्या दशकात प्रोग्रॅम पंच कार्डांवर जायचे आणि त्या यंत्रांकडे मोजकीच अक्षरं होती. 1960 च्या अल्गोल भाषेच्या अहवालात ≠ छापलेलं आहे, पण बहुतेक यंत्रांवर ते टाइप करायची सोयच नव्हती. मग ज्याने त्याने आपापला जुगाड केला. फोरट्रानने 'नॉट इक्वल'ची आद्याक्षरं घेऊन दोन बाजूंना टिंबं दिली: .एनई. असं. आयबीएमच्या पीएल/वन भाषेने तर्कशास्त्रातलं नकाराचं चिन्ह घेऊन ¬= केलं. 1964 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी बेसिक भाषा आणली, तिच्यात <> होतं. आणि बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत, आणि तिच्यातून आलेल्या डेनिस रिची यांच्या सी भाषेत, != होतं. तुम्ही आज जावा किंवा जावास्क्रिप्ट लिहिताना जो उद्गारचिन्हाचा नकार वापरता, तो तिथून आलाय. पायथनने तर बरीच वर्षं दोन्ही चालवून घेतले आणि पायथन 3 मध्ये <> काढून टाकलं.

एसक्यूएलचं प्रमाण 1986 मध्ये अमेरिकेत ठरलं, त्यात एकच चिन्ह होतं: <>. पण कंपन्यांना सगळ्याच सवयींचे ग्राहक सांभाळायचे होते. म्हणून आज ओरॅकल != घेतो, <> घेतो आणि ^= सुद्धा घेतो. आयबीएमच्या डीबी2 मध्ये जुन्या क्वेरी चालाव्यात म्हणून ¬= अजूनही आहे. पोस्टग्रेसमध्ये != लिहिलं की क्वेरी वाचतानाच अगदी सुरुवातीला त्याचं <> केलं जातं, म्हणजे वेगात वगैरे काही फरक पडायचा प्रश्नच नाही. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसला मात्र <> च लागतं. तेव्हा इंटरव्ह्यूचं उत्तर: अर्थ एकच, प्रमाण <>, आणि एका प्रोजेक्टमध्ये एकच वापरा.

पण जरा थांबा. <> कडे नीट बघा. डावीकडे 'पेक्षा लहान', उजवीकडे 'पेक्षा मोठा'. म्हणजे "एक तर लहान आहे किंवा मोठा आहे, पण बरोबर नाही". या चिन्हात एक गोष्ट गृहीतच धरलीये: दोन्ही बाजूंना काहीतरी किंमत आहे आणि ती एकमेकांशी ताडून बघता येते. एका बाजूला काहीच नसेल तर? मग लहानही म्हणता येत नाही आणि मोठंही म्हणता येत नाही. माझी मुलं नेमकी तिथून गळाली.

रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

आता एडगर कॉड. हे इंग्लंडचे, जन्म 1923. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात पायलट, मग अमेरिकेत आयबीएममध्ये. 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी एक निबंध लिहिला, ज्यात म्हटलं की माहिती तक्त्यांमध्ये ठेवा आणि ती कुठे, कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करायला लावू नका. आज जगभर वापरले जाणारे रिलेशनल डेटाबेस म्हणजे या विचाराचंच पुढचं रूप. 1981 मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांच्यापुढे एक फार व्यवहारी प्रश्न होता. माहिती अपुरी असते. कोणाचं वय माहीत नसतं, कोणाचा पत्ता नसतो. त्याआधी लोक काय करायचे? वयाच्या रकान्यात 99 टाकायचे, नाही तर उणे एक, नाही तर नुसत्या फुल्या. मग कोणीतरी सरासरी वय काढायचं आणि ती भलतीच यायची, कारण ते 99 खरं नव्हतं, खूण होती. आणि ही खूण प्रत्येक तक्त्यात वेगळी.

कॉड यांचं म्हणणं होतं: सगळ्या प्रकारच्या माहितीसाठी एकच खूण हवी आणि ती किंमत मानायची नाही, "इथे किंमत नाही" एवढंच सांगणारी. तीच आपली नल. (दमयंतीचा नल नव्हे, आणि पाण्याचा नळ तर नव्हेच.) 1979 मध्ये छापून आलेल्या एका लांबलचक निबंधात त्यांनी याचं तर्कशास्त्र तपशिलात मांडलं. हा निबंध आधी टास्मानियात वाचला गेला, म्हणून त्यातल्या मॉडेलचं नावच आरएम/टी, त्यातला 'टी' टास्मानियाचा.

आता तुलनेत किंमतच नसेल तर उत्तर काय द्यायचं? "खरं" म्हणता येत नाही, "खोटं" म्हणता येत नाही. म्हणून तिसरं उत्तर: "माहीत नाही". दोनऐवजी तीन उत्तरांचं तर्कशास्त्र नवीन नव्हतं. पोलंडचे यान लुकासिएविच यांनी ते 1920 मध्ये मांडलं होतं, आणि अमेरिकेचे स्टीफन क्लीनी यांनी 1938 मध्ये त्याचं एक रूप दिलं, जे एसक्यूएलच्या नियमांशी जुळतं.

त्यात एक नियम असा आहे की तो कळला की सगळं कळलं. "खरं" उलटं केलं की "खोटं". "खोटं" उलटं केलं की "खरं". आणि "माहीत नाही" उलटं केलं की? "माहीत नाही"च.

डेटाबेसशी असा संवाद समजा:

या मुलीची स्थिती 'पूर्ण' आहे का? — माहीत नाही.

बरं, मग 'पूर्ण' नाहीये का? — माहीत नाही.

अरे, दोन्हींपैकी एक काहीतरी असेल ना? — तेही माहीत नाही.

हे तिसरं उत्तर ऐकून हसू येतं, पण खरंच असं आहे. स्थिती = 'पूर्ण' किंवा स्थिती <> 'पूर्ण' अशी जोडअट लिहा, रिकामा रकाना त्यातूनही सुटतो. आणि चिन्ह न वापरता आधी नॉट लिहून कंसात स्थिती = 'पूर्ण' टाकलं तरी तेच. कंसाने काही वाचत नाही.

पण मुलं गळाली ती या तर्कशास्त्रामुळे नाही. गळाली ती पुढच्या एका निर्णयामुळे. एसक्यूएलमधल्या व्हेअरच्या दारावर जो वॉचमन बसलाय तो फक्त "खरं"ला आत सोडतो. "खोटं" आणि "माहीत नाही" दोघांनाही बाहेर. गंमत म्हणजे त्याच इमारतीत दुसरा वॉचमन आहे, चेकचा. तक्त्यावर "वय 18 पेक्षा जास्त हवं" असा चेक लावला आणि वयच रिकामं ठेवून ओळ घातली, तर ती आत जाते! व्हेअर म्हणतो, आधी सिद्ध कर, मग ये. चेक म्हणतो, तुझी चूक सिद्ध झाली नाही ना, मग ये. "माहीत नाही"ला एका दारावर नकार आणि दुसऱ्या दारावर होकार. हे निसर्गाने ठरवलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलंय.

इंग्रजीसारखी भाषा

ती माणसं कोण? कॉड यांचे निबंध गणिताच्या भाषेत होते. त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी ठरवलं की साध्या माणसाला वाचता येईल, साधारण इंग्रजी वाक्यासारखी दिसेल अशी भाषा करायची. 1974 मध्ये त्यांनी ती मांडली. नाव सीक्वेल. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघाला, म्हणून पुढे एसक्यूएल झालं. इंजिनिअरिंगला ज्यांनी बीसीएनएफ घोकलंय, त्यातला 'बी' म्हणजे हाच बॉइस. त्याच 1974 साली, ऐन तारुण्यात, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो गेला. त्याची भाषा पुढे किती पसरली, हे त्याला बघायलाच मिळालं नाही.

इंग्रजीसारखी भाषा करण्यात फायदा मोठा होता. पण जिथे भाषा ओळखीची वाटते तिथे आपण ओळखीचाच अर्थ लावतो, हा तोटाही होता. "नॉट इन" वाचलं की आपण मनात म्हणतो, "या यादीत नसलेले सगळे." एसक्यूएल तसं म्हणत नाही.

उदाहरण बघा. सोसायटीचे फ्लॅट आहेत, मेंटेनन्सच्या पावत्या आहेत. ज्यांनी भरला नाही त्यांची यादी हवी. तुम्ही लिहिता: जे फ्लॅट नंबर पावत्यांमधल्या फ्लॅट नंबरांमध्ये नॉट इन आहेत, ते दे. पावत्या तीन: 101 ची, 102 ची, आणि एक अशी जिच्यावर फ्लॅट नंबर टाकायचा राहिला, म्हणजे नल.

आता 103 चं काय होतं? डेटाबेस विचारतो: 103 हा 101 पेक्षा वेगळा आहे का? हो. 102 पेक्षा? हो. आणि नलपेक्षा? माहीत नाही. तीनही "हो" हवेत, एक "माहीत नाही" आला, म्हणजे एकूण "माहीत नाही". वॉचमन बाहेर काढतो. 104 चं तेच. 105 चं तेच. एका पावतीवर नंबर राहिला म्हणून अख्खी यादी शून्य! आणि सेक्रेटरी काका खूश, की व्वा, यंदा सगळ्यांनी भरलं.

तीनही "हो" का हवेत? कारण "या तिघांपैकी एकही नाही" म्हणजे "पहिला नाही, आणि दुसरा नाही, आणि तिसराही नाही". हा नियम ज्यांच्या नावाने आपण शिकतो ते ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्या मदुराईत जन्मले, पण काही महिन्यांचे असतानाच इंग्लंडला गेले. नियम त्यांचा बरोबरच आहे. तो दोन उत्तरांच्या जगात बिनधोक वाटतो, आणि तिसरं उत्तर आलं की असा पेच टाकतो.

याला उतारा नॉट एक्झिस्ट्स. तो वेगळाच प्रश्न विचारतो: "या फ्लॅटची एक तरी पावती सापडते का?" सापडली तर हो, नाही सापडली तर नाही. एक्झिस्ट्सला तिसरं उत्तरच नाही. ती बेवारस पावती 103 शी जुळत नाही, म्हणून बाजूला राहते, आणि 103 यादीत येतो. पोस्टग्रेसवाल्यांच्या विकीवर "हे करू नका" अशी एक यादी आहे, त्यात नॉट इन आहे, ते उगाच नाही.

भांडण संपलेलं नाही

तुम्हाला वाटेल हे सगळे तज्ज्ञ एकमताचे असतील. छे! कॉड यांचेच सहकारी आणि त्यांच्या कल्पना जगभर समजावून सांगणारे क्रिस डेट हे नलचे कट्टर विरोधक झाले. त्यांचं म्हणणं: दोन उत्तरांचं तर्कशास्त्र सोडलंत की माणूस चुकणारच. ह्यू डार्वेन यांच्याबरोबर त्यांनी पुढे जो जाहीरनामा लिहिला त्यात नलला जागाच नाही.

कॉड उलट दिशेने गेले. 1990 च्या पुस्तकात ते म्हणाले, एक खूण पुरत नाही, दोन हव्यात. एक "किंमत आहे, पण आपल्याला माहीत नाही", आणि दुसरी "इथे किंमत लागूच होत नाही". अविवाहित माणसाच्या फॉर्ममधला जोडीदाराच्या नावाचा रकाना आठवा. तो रिकामा आहे म्हणजे आपल्याला नाव कळलेलं नाही असं नव्हे, नाव असायचा प्रश्नच नाही. म्हणजे आता चार उत्तरांचं तर्कशास्त्र! कंपन्यांनी ते काही घेतलं नाही.

कंपन्यांच्या स्वतःच्या तऱ्हा वेगळ्याच. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि नल एकच धरतात. "मधलं नाव नाही" आणि "मधलं नाव माहीत नाही" यांतला फरक तिथे पुसला जातो.

1999 च्या एसक्यूएल प्रमाणात शेवटी एक नवा नकार आला: इज डिस्टिंक्ट फ्रॉम. तो म्हणतो, नललाही एक वेगळी गोष्ट धर आणि साधं हो किंवा नाही सांग. माझ्या क्वेरीत 'स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम पूर्ण' असतं तर एकही मूल सुटलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे यायला 2022 उजाडलं. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी <=> असं स्वतःचंच चिन्ह आहे, त्याच्याआधी नॉट लावायचं.

आजीचं "नव्हे"

हे सगळं वाचताना माझ्या लक्षात आलं की आपण मराठी माणसांनी खरं तर इथे अडखळायलाच नको होतं. इंग्रजीत एकच 'नॉट'. आपल्याकडे? "घरात कोणी नाही." "हा माझा मोबाइल नव्हे." "मला चहा नको." तीन नकार, तीन वेगळी कामं. माझी आजी आजही "तसं नव्हे रे" म्हणते. आपण सगळ्याला "नाही" म्हणायला लागलोय, पण कान अजून ओळखतात.

आता जोडून बघा. <> म्हणजे "नव्हे": हा तो नव्हे. म्हणायला समोर 'हा' तर हवा! नॉट एक्झिस्ट्स म्हणजे "नाही": असं कोणी नाही. आणि नल म्हणजे "माहीत नाही". माझी चूक एका वाक्यात सांगायची तर, मला "पूर्ण फॉर्म नाही" म्हणायचं होतं आणि मी "ही स्थिती पूर्ण नव्हे" म्हणालो.

आपल्या जुन्या शास्त्रांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय. "सगळं आपल्याकडे आधीच होतं" असा फॉरवर्ड मी पाठवत नाहीये, कॉड यांनी तर्कसंग्रह वाचला होता असं कोणी म्हणालं तर त्याला ब्लॉक करा. पण विचार बघण्यासारखा आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या नवशिक्यांसाठीच्या छोट्या पुस्तकात अभाव चार प्रकारचा सांगितलाय. मडकं घडण्याआधी नसतं तो प्रागभाव. फुटल्यावर नसतं तो प्रध्वंसाभाव. कधीच नसतं तो अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे कापड नव्हे, तो अन्योन्याभाव. मला तर प्रागभावात न उघडलेला फॉर्म दिसतो आणि प्रध्वंसाभावात डिलीट केलेली ओळ.

त्याहून कामाची गोष्ट मीमांसकांकडे आहे. जमिनीवर मडकं दिसलं नाही, म्हणजे ते नाही, असं कधी म्हणता येतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेचं उत्तर: असतं तर दिसलंच असतं, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधारात दिसलं नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. याला नाव आहे योग्यानुपलब्धी. डेटाबेसच्या जगात 1978 मध्ये रेमंड रायटर यांनी जवळपास हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला: जे नोंदीत नाही ते खोटं, असं आपण धरून चालतो, आणि ते धरणं म्हणजे एक गृहीतक आहे.

हे मला का लागलं, ते सांगतो. पुढच्या वर्षी मी शहाणा झालो होतो. नॉट एक्झिस्ट्स लिहिलं, बेरीज जुळवली, मेसेज पाठवले: "तुमचा फॉर्म भरलेला नाही." दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. घाबरले होते. मुलीने शाळेत कागदावर फॉर्म भरून दिला होता, गावात नेट चालत नाही म्हणून. शाळेने तो अजून कॉम्प्युटरवर चढवला नव्हता. माझ्या तक्त्यात ओळ नव्हती, म्हणून मी बिनधास्त "नाही" म्हणालो होतो. अंधारात बघून म्हणालो होतो की मडकं नाही.

त्या दिवशी क्वेरी बदलली नाही. क्वेरी बरोबरच होती. मेसेज बदलला: "आमच्या नोंदीत तुमचा फॉर्म अजून दिसत नाही. शाळेत दिला असेल तर शाळेत एकदा विचारा." "नाही"च्या जागी "दिसत नाही". त्यानंतर तसे फोन आले नाहीत.

तर मग वापरायचं काय?

थोडक्यात सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रकान्यात किंमत असणारच याची खात्री असेल, म्हणजे तक्त्यावर नॉट नलची अट असेल, तर <> बिनधास्त वापरा. रिकामा असू शकत असेल तर आधी स्वतःला विचारा, रिकामे लोक यादीत हवेत का? हवे असतील तर इज डिस्टिंक्ट फ्रॉम, नाही तर सरळ "किंवा स्थिती इज नल" जोडा. हाताने लिहिलेल्या दोन-चार किमतींसाठी नॉट इन चालेल, पण त्यातही ज्या रकान्यावर ते लावताय तो रिकामा असेल तर ती ओळ गळेल हे लक्षात ठेवा. दुसऱ्या तक्त्यातून यादी येत असेल तर नॉट एक्झिस्ट्स. आणि = नल किंवा <> नल असं कधीच लिहू नका, त्याचं उत्तर कायम "माहीत नाही". त्यासाठी इज नल आणि इज नॉट नल आहेत.

आणि एक सवय लावून घ्या, जी मला त्या सीनियरच्या प्रश्नाने लागली. कुठलीही "नाही" वाली यादी पाठवण्याआधी तीन आकडे काढा: किती आहेत, किती नाहीत, आणि किती जणांचं माहीत नाही. बेरीज एकूणाइतकी आली पाहिजे. तिसरा आकडा शून्य नसेल तर त्या ओळी उघडून वाचा. माझ्या वेळी त्या ओळींमध्ये मुलांची नावं होती.

या भागापुरतं एवढंच. तुमच्या क्वेरीतून कधी माणसं गळाली असतील तर मला कळवा, आपण त्यावर बोलू. भेटू पुढच्या भागात. तोवर, "तसं नव्हे रे" म्हणणाऱ्या तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा.